पिवळी कोरांटी

(दृश्य: गावाबाहेरचा बांध, सकाळचं ऊन)

पाऊस ओसरला, गवत वाळायला लागलं, की देशावर बांधाबांधाला आणि पडक्या वाड्यांच्या भिंतींपाशी हे झुडूप फुलायला लागतं. पिवळी कोरांटी. काटेरी म्हणून ती कुंपणाला लावायची, एवढीच तिची ओळख उरली आहे. महागडी, नाजूक रोपं आणून ती उन्हाळ्यात गमावण्यापेक्षा हिला फाटकाच्या आत घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य: फांदी, अगदी जवळून)

पानाच्या बेचक्यात पाहा. बारीक, सरळ, सुईसारखे काटे. पानाच्या टोकालासुद्धा एक इवलं कुसळ. आणि हे फूल. पाकळ्या पाच, पण चार एका बाजूला आणि पाचवी समोर एकटी. नळीतून लांब बाहेर आलेले दोन पुंकेसर. रंग पिवळा, किंचित केशरीकडे झुकणारा.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये हिची नोंद बार्लेरिया प्रायोनायटिस या शास्त्रीय नावाने केली. आपल्याकडे ती वज्रदंतीही आहे. दाढ दुखली की पान चावायचं, हे जुन्या माणसांना ठाऊक असतं.

(दृश्य: अंगणातला वाफा)

लावायला सोपी. पावसाच्या सुरुवातीला तीन-चार पेरांची जून फांदी कापायची आणि निम्मी मातीत खोचायची. ऊन भरपूर हवं, पाण्याचा निचरा हवा. काळी चिकण माती असेल तर मुरूम मिसळा, कारण पाणी साचलं की मुळं कुजतात. एकदा रुजली की वरची माती सुकल्याशिवाय पाणी घालू नका. पायवाटेपासून मात्र हातभर आत लावा.

बहर संपला की झुडूप निम्म्यापर्यंत छाटा. इथे हात आखडता घेऊ नका. छाटणी चुकली की बुडखा उघडा पडतो आणि फुलं नुसती शेंड्याला राहतात.

पानांना भोकं पडलेली दिसली तर औषध फवारण्याआधी पान उलटून बघा. लेमन पॅन्सी फुलपाखराच्या अळ्या कोरांटीवर वाढतात. अशी पानं गेली तरी झाड पुन्हा फुटतं.

एक खबरदारी. बोंड तडकून बिया दूर उडतात, आणि उत्तर ऑस्ट्रेलियात हीच कोरांटी उपद्रवी तण ठरली आहे. तिकडे राहणाऱ्या आपल्या मंडळींनी कितीही आठवण आली तरी ती लावू नये.