मोल्टनची मंडळी आणि मोडीचे खिळे

नमस्कार मंडळी! आपण एकमेकांना सहज म्हणतो तो हा शब्द मराठी ख्रिस्ती लोक 'चर्च' या अर्थी वापरतात. इमारत म्हणजे देऊळ किंवा चर्च, आणि माणसं मिळून होते ती मंडळी. आज ज्या गावाबद्दल बोलायचं आहे, तिथल्या बाप्टिस्टांना (हा एक प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथ) हा भेद फार आवडला असता. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनपासून सहा-सात किलोमीटरवरचं मोल्टन हे ते गाव.

बाप्टिस्ट मंडळी चालते कशी, ते आधी पाहू. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती दीक्षा, देत नाहीत. ज्याला कळतं, जो स्वतः सर्वांसमोर विश्वास कबूल करतो, त्यालाच देतात, तोही पाणी शिंपडून नव्हे तर पूर्ण बुडवून. पाळक, म्हणजे मंडळीचा धर्मगुरू, बाजूला उभा राहतो. त्याचा एक हात त्या माणसाच्या पाठीमागे आणि दुसरा त्याच्या जोडलेल्या हातांवर असतो. मग त्याला एकदाच मागे झुकवून पाण्याखाली न्यायचं आणि लगेच वर आणायचं. सैल झग्यात हवा भरली की तो फुग्यासारखा वर येतो, म्हणून झग्याच्या घेरात शिशाचे तुकडे शिवत. पुढे अनेक चर्चमध्ये फरशीखाली हौद आले. त्याआधी नदीच असायची. पुढे मोल्टनचा पाळक आणि मग भारतात मिशनरी झालेल्या विल्यम केरीचा बाप्तिस्मा ५ ऑक्टोबर १७८३ रोजी नॉर्थॅम्प्टनच्या नेन नदीत झाला. इंग्लंडच्या ऑक्टोबरात नदीचं पाणी काय असतं, ते इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

वर कोणी बिशप नसतो. पाळक कोणाला नेमायचं, सभासद कोणाला करायचं, हे सगळं सभासदांच्या सभेत ठरतं आणि मंडळीच्या वहीत लिहिलं जातं. एखाद्या छोट्या मंडळीचा इतिहास शोधायचा तर ही वही पहिली आणि जागेचं विश्वस्तपत्र दुसरं. जन्माच्या नोंदी मात्र अडचणीच्या. बाळाचा बाप्तिस्माच नाही, त्यामुळे गावच्या सरकारमान्य (अँग्लिकन) चर्चच्या वहीत ते मूल सापडत नाही. काही मंडळ्यांनी जन्माच्या वेगळ्या वह्या ठेवल्या. १८३७ मध्ये सरकारी जन्मनोंदणी सुरू झाल्यावर त्यांतल्या बऱ्याच लंडनला जमा झाल्या, आणि आज त्या राष्ट्रीय अभिलेखागारात आरजी ४ या मालिकेत आहेत. लग्नाचं उलट होतं. १७५३च्या कायद्याने क्वेकर (हाही एक ख्रिस्ती पंथ) आणि ज्यू सोडून सगळ्यांना सरकारमान्य चर्चमध्येच लग्न लावावं लागे, म्हणून बाप्टिस्टांची लग्नं तिथे हमखास मिळतात. केरी आणि डॉरथी यांचं लग्न १७८१ मध्ये पिडिंग्टनच्या चर्चमध्ये झालं. वहीत डॉरथीच्या सहीच्या जागी फुली आहे.

केरी १७८५ मध्ये मोल्टनला आला, तेव्हा मंडळी विस्कटलेली होती. १७८७ मध्ये त्याला रीतसर पाळक केलं. मंडळी वर्षाला देऊ शकत होती साधारण दहा पौंड. तेवढ्यात घर चालेना, म्हणून तो शाळा घेई आणि बूट शिवी. बाप्टिस्टांसारख्या सरकारमान्य चर्चबाहेरच्यांना ऑक्सफर्डची दारं बंद होती, केंब्रिजची पदवी मिळत नव्हती. लॅटिन, ग्रीक, हिब्रू तो स्वतःच शिकला. १७८९ मध्ये तो लेस्टरच्या मंडळीत गेला.

१७९२ मध्ये त्याने जगभर ख्रिस्ती धर्माचा प्रसार करावा असं सांगणारी ८७ पानांची एक पुस्तिका काढली. त्यात देशवार तक्ते होते: लांबी, रुंदी, लोकसंख्या, धर्म. शेवटी पैशाचा हिशोब होता: प्रत्येक सभासदाने आठवड्याला एक पेनी द्यावी. आपल्या भाषेत वर्गणी! २ ऑक्टोबर १७९२ला केटरिंगमध्ये एका विधवेच्या घरी डझनभर माणसं जमली आणि १३ पौंड २ शिलिंग ६ पेन्सची वर्गणी कबूल झाली. बाप्टिस्ट मिशनरी सोसायटी उभी राहिली ती एवढ्यावर. त्यांतले बहुतेक लहान गावांतल्या मंडळ्यांचे पाळक होते. मोठी रक्कम देणारा कोणी असता तर निर्णयही त्याच्याच हाती गेला असता, असं मला वाटतं.

या सोसायटीचा मिशनरी म्हणून भारतात आलेला केरी १८०० मध्ये श्रीरामपूरला गेला. हे बंगालमधलं, हुगळीकाठचं. आपलं अहिल्यानगर जिल्ह्यातलं नव्हे. ते डेन्मार्कच्या ताब्यात होतं, त्यामुळे मिशनरींना हुसकावण्याचा अधिकार ईस्ट इंडिया कंपनीला तिथे नव्हता. त्याच वर्षी तिथे बाप्टिस्ट मंडळी स्थापन झाली आणि पद्धत मोल्टनचीच राहिली. मिशनरींनी आपली मिळकत मात्र सामाईक केली. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात केरी बंगाली आणि संस्कृत शिकवू लागला, पुढे मराठीही. पगार सुरुवातीला महिना ५०० रुपये. तो बहुतांश सामाईक पेटीत जाई आणि त्यातून छापखाना चाले.

या छापखान्यातच मराठीचं काम झालं. पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर हे अक्षरं कोरणारे कसबी कारागीर. रोमन लिपीला थोडे खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, पुरतात. देवनागरीत जोडाक्षरं, काना-मात्रा, रफार यांमुळे शेकडो वेगळे पंच, म्हणजे खिळ्यांचे साचे बनवायचे ठसे, पोलादावर हाताने कोरावे लागत. त्यातला एक जरी उंचीला कमी-जास्त झाला तरी ओळ डुगडुगते आणि छाप फिका येतो. १८०५ मध्ये केरीचं मराठी व्याकरण देवनागरीत निघालं. पण मराठी माणसाचा रोजचा व्यवहार मोडीत होता, म्हणून १८१०चा शब्दकोश मोडी खिळ्यांत छापला. मोडी ही हात न उचलता लिहायची लिपी. तिचे सुटे खिळे पाडणं म्हणजे वाहतं पाणी कापण्यासारखं.

मराठी नवा करार, म्हणजे बायबलचा दुसरा भाग, १८११ला आला. त्यात चूक राहिली ती भाषेच्या वळणाची. केरीला साहाय्य करणारे पंडित वैजनाथ शर्मा नागपूरकडचे. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती मराठी परकी वाटे. मुंबईत १८१३ला आलेल्या अमेरिकन मिशनने शेवटी स्वतःचं भाषांतर केलं. त्यांचा नवा करार १८२६चा.

मोल्टनचं चर्च आजही उभं आहे आणि शेजारी केरीचं छोटं घरही आहे. बघायला जाणाऱ्यांनी आधी विचारून जावं; रविवारी तिथे उपासना असते.