सही कुणाची?

(मंडळाच्या पाडवा मेळाव्यात केलेलं भाषण. वेबसाइटसाठी थोडं आटोपशीर केलं आहे.)

नमस्कार मंडळी, पाडव्याच्या शुभेच्छा.

माझी ओळख करून देताना विषय सांगितला गेला ‘महिला राज्यपाल’. चूक माझीच, फोनवर मीच तसं म्हणाले होते. आता त्या शब्दापासूनच सुरुवात करते, कारण घोटाळा तिथेच आहे.

माझी आई पहिल्यांदा अमेरिकेत, इथे ॲरिझोना राज्यातल्या फिनिक्सला आली २००३ साली. टीव्हीवर जॅनेट नॅपोलिटानो बोलत होत्या. आईने विचारलं, या कोण? मी म्हटलं, इथल्या राज्यपाल. आई म्हणाली, “असं होय! मग बऱ्या आहेत, निवांत काम.” तिच्या डोळ्यांसमोर राजभवनाची हिरवळ, मोर, विद्यापीठाचा दीक्षान्त समारंभ. (ॲरिझोनाच्या गव्हर्नरला सरकारी बंगलाच नसतो, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही.) मग मी सांगितलं, अगं, इथला गव्हर्नर म्हणजे आपला मुख्यमंत्री. तशी ती सावरून बसली. “मुख्यमंत्री? आणि बाई?”

तिचं आश्चर्य खरं होतं. महाराष्ट्राला तेव्हा बाई मुख्यमंत्री मिळाली नव्हती. आजवर मिळालेली नाही.

राज्यपाल मात्र मिळाल्या होत्या. भारतातल्या पहिल्या महिला राज्यपाल सरोजिनी नायडू, १९४७ साली संयुक्त प्रांताच्या. महाराष्ट्रात १९६२ ते ६४ विजयालक्ष्मी पंडित होत्या. पंडित हे आडनाव आपल्याकडचं. त्यांचे यजमान रणजित सीताराम पंडित मराठी, ‘राजतरंगिणी’चं इंग्रजी भाषांतर करणारे. ते १९४४ साली गेले. तीन मुली, मुलगा नाही, म्हणून त्या काळच्या कायद्याने या बाईंना नवऱ्याच्या इस्टेटीत हक्क मिळाला नाही. पुढे १९५३ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या आणि त्यानंतर मलबार हिलच्या राजभवनात आल्या. शारदा मुखर्जीही माहेरच्या पंडितच. १९६२ पासून रत्नागिरीच्या खासदार, नंतर आंध्र प्रदेश आणि गुजरातच्या राज्यपाल. रत्नागिरीच्या किती जणांना हे नाव आठवतं, हात वर करा. बघा, दोन.

भारतातल्या राज्यपालाची सही बहुतेक वेळा मंत्रिमंडळाच्या सल्ल्यावर होते. पण सही न करणं, तेही कधीकधी बोलतं. प्रतिभाताई पाटील राजस्थानात राज्यपाल असताना २००६ साली धर्मांतराविषयीचं विधेयक समोर आलं, त्यावर त्यांनी सही केली नाही. २०१७ साली झारखंडात द्रौपदी मुर्मू यांनी आदिवासींच्या जमिनींच्या कायद्यांतल्या दुरुस्त्या परत पाठवल्या, आणि सरकार त्यांच्याच पक्षाचं होतं. दोघी पुढे राष्ट्रपती झाल्या. मला त्या पदापेक्षा हे न उमटलेले शिक्के जास्त मोलाचे वाटतात.

आता इकडे. अमेरिकेतल्या पहिल्या महिला गव्हर्नर नेली टेलो रॉस. वायोमिंगचे गव्हर्नर असलेले त्यांचे यजमान १९२४ च्या ऑक्टोबरात वारले, पुढच्याच महिन्यात झालेल्या पोटनिवडणुकीत त्या निवडून आल्या आणि ५ जानेवारी १९२५ ला शपथ घेतली. पंधराच दिवसांनी टेक्सासात मिरियम फर्ग्युसन आल्या. त्यांच्या यजमानांवर महाभियोग होऊन त्यांना पद धरायला बंदी होती, म्हणून बायको उभी राहिली, आणि एका मतात दोन गव्हर्नर घ्या असा उघड प्रचार झाला! आपल्याकडे सरपंचबाईंच्या खुर्चीत ‘सरपंचपती’ बसतो म्हणून आपण हसतो ना? घ्या. नवरा किंवा वडील यांच्या मागून न येता स्वतःच्या बळावर निवडून आलेली पहिली बाई म्हणजे कनेटिकटच्या एला ग्रासो, शपथ १९७५ ची. मध्ये पन्नास वर्षं गेली. आणि ज्या वायोमिंगने बायकांना १८६९ मध्येच मत दिलं, तिथे नेलीबाईंनंतर आजतागायत दुसरी बाई गव्हर्नर नाही.

पण मागच्या दाराने आली म्हणून नाक मुरडण्यात अर्थ नाही. गोव्याच्या शशिकलाताई काकोडकर वडिलांच्या, भाऊसाहेब बांदोडकरांच्या निधनानंतर १९७३ मध्ये मुख्यमंत्री झाल्या. तेव्हा गोवा, दमण आणि दीव केंद्रशासित प्रदेश होता. नुसत्या भाऊंची मुलगी म्हणून सहा वर्षं कुणी खुर्चीत ठेवत नाही. आजही गोव्यात ‘ताई’ म्हटलं की वेगळं नाव सांगावं लागत नाही.

आपल्या ॲरिझोनात दार आणखी निराळं होतं. या राज्यात लेफ्टनंट गव्हर्नर, म्हणजे उपगव्हर्नर, हे पदच नव्हतं. गव्हर्नर गेला, हटला, तुरुंगाच्या वाटेला लागला, की सेक्रेटरी ऑफ स्टेट त्याच्या जागी. कागदपत्रं, निवडणुका, नोंदणी सांभाळणारं खातं. तिथे बायका निवडून येत होत्या, कारण ते ‘व्यवस्थित टापटिपीचं’ काम. (आपल्या मंडळात खजिनदार कायम बाई का असते, याचं उत्तर बहुधा हेच. अध्यक्षांनी रागावू नये.)

रोझ मॉफर्ड ग्लोब या खाणींच्या गावातल्या. १९४१ पासून सरकारी कचेरीत, सेक्रेटरी म्हणून. १९७७ मध्ये त्यांना सेक्रेटरी ऑफ स्टेट नेमलं. काही महिन्यांतच, १९७८ मध्ये, गव्हर्नर वारले. नियमाने खुर्ची यांची, पण निवडून आलेली व्यक्तीच गादीवर बसू शकते, नेमलेली नाही, म्हणून ती ॲटर्नी जनरल ब्रूस बॅबिट यांच्याकडे गेली. बाईंनी आकांडतांडव केलं नाही. त्याच वर्षी निवडून आल्या, मग पुन्हा, मग पुन्हा. १९८८ मध्ये गव्हर्नर इव्हान मेचम यांना महाभियोगाने काढलं, तेव्हा मध्ये कुठलाच नियम येईना. केसांचा उंच अंबाडा, हातात फाइल, अशा रोझबाई गव्हर्नर झाल्या. ॲरिझोनाच्या पहिल्या.

१९९७ मध्ये फाइफ सिमिंग्टन फसवणुकीत दोषी ठरून पायउतार झाले आणि जेन हल आल्या. पेशाने शिक्षिका. पुढच्या वर्षी त्या स्वतः निवडून आल्या, आणि त्या निवडणुकीत राज्याची वरची पाचही पदं बायकांनी जिंकली. १९९९ च्या जानेवारीत शपथ दिली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या पहिल्या महिला न्यायाधीश सॅन्ड्रा डे ओकॉनर यांनी, म्हणजे तीही इथलीच. नंतर नॅपोलिटानो, त्या वॉशिंग्टनला गेल्यावर जॅन ब्रूअर. १९९७ ते २०१५ सलग तीन बायका. आपल्यातली बरीच मुलं याच काळात इथे जन्मली. माझी लेक दुसरीत असताना विचारत होती, “पुरुषसुद्धा गव्हर्नर होतात का?”

बाई आली म्हणजे मऊ कारभार, ही समजूत मात्र ब्रूअरबाईंनी काढली. २०१० च्या एप्रिलमध्ये त्यांनी एसबी १०७० या स्थलांतरितांविषयीच्या विधेयकावर सही केली. पोलिसांनी अडवलं आणि माणूस देशात बेकायदा असल्याचा संशय आला तर कागद तपासायचे. तेव्हा आम्ही गाडीच्या कप्प्यात पासपोर्टची झेरॉक्स ठेवून फिरायचो, दूध आणायला जातानाही. अनेकांनी ठेवली असेल. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही. पण त्याच बाईंनी स्वतःच्या पक्षाला न जुमानता विक्रीकर तात्पुरता एक टक्का वाढवण्याचा प्रस्ताव मतदारांपुढे नेला. तिजोरी इतकी रिकामी होती की विधिमंडळाच्या इमारती विकून भाड्याने घेतल्या होत्या. आणि २०१३ मध्ये मेडिकेड या गरिबांच्या सरकारी आरोग्य योजनेसाठी अडून बसल्या, तो प्रश्न सुटेपर्यंत समोर आलेली विधेयकं परत फिरवली. एकाच हाताच्या या सह्या. मला त्यांचं एक मत बनवता येत नाही, आणि बनवायची घाईही नाही.

२०२२ मध्ये केटी हॉब्ज विरुद्ध कॅरी लेक, दोन्ही बाजूला बायका, फरक सुमारे १७ हजार मतांचा. हॉब्जही आधी सेक्रेटरी ऑफ स्टेटच. त्याच मतपत्रिकेवर आपण आणखी एक गोष्ट मंजूर केली: २०२६ च्या निवडणुकीपासून लेफ्टनंट गव्हर्नर असेल, उमेदवाराने स्वतः निवडलेला. म्हणजे रोझबाई, हलबाई, ब्रूअरबाई ज्या दारातून आल्या, ते आता बंद. पुढे उमेदवार कुणाला सोबत घेतो, त्यावर बरंच ठरेल.

हॉब्जबाईंनी पहिल्याच वर्षी १४३ विधेयकं परत पाठवली. नॅपोलिटानोंचा एका वर्षाचा ५८ चा विक्रम मागे पडला. त्या १४३ मधलं एक आपल्या स्वयंपाकघरातलं होतं. घरी केलेले, फ्रिजमध्ये ठेवावे लागणारे पदार्थ विकायला परवानगी देणारं. आरोग्याचं कारण देऊन बाईंनी ते नाकारलं, आणि तमाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले सारणाचे उंडे, विकणाऱ्या मेक्सिकन बायका खवळल्या. शिजवून विकून घर चालवणाऱ्या बायकांना एका बाईनेच नाही म्हटलं, असा सूर होता. तेव्हा आपण कुणी त्यांच्या बाजूने उभे राहिलो नाही, हेही खरं. २०२४ च्या मार्चमध्ये सुधारलेलं विधेयक आलं आणि त्यावर सही झाली.

आता बाहेरच्या टेबलाकडे जाल तेव्हा श्रीखंडाच्या डब्यांशेजारी चिकटपट्टीने लावलेला नोंदणीचा कागद बघा. गेल्या पाडव्यापर्यंत आपल्या काकू चकल्या आणि लाडूच विकत होत्या. डबा दहा डॉलरला आहे, सुटे आणा.