पेडल हार्ड झालं की आधी व्हॅक्यूम बघा

ब्रेकची तक्रार घेऊन कोणी आलं की मी आधी विचारतो, पेडल खाली जातंय की जातच नाही? स्पंजी लागत असेल, तळाला जात असेल, तर लाइनमध्ये हवा आहे किंवा ऑइल कुठंतरी गळतंय. तो आजचा विषय नाही. आज बोलू या दुसऱ्या तक्रारीबद्दल. पेडल बोटभर हलतं आणि अडतं, सगळा जोर लावला की गाडी कशीबशी थांबते. अशा गाडीला पुष्कळदा आधी नवे पॅड बसतात, मग मास्टर सिलेंडर, म्हणजे पेडलचा जोर ब्रेक ऑइलवर देणारा भाग, बदलला जातो, बिल वाढतं, आणि पेडल होतं तसंच राहतं.

बॉनेट उघडलं की ड्रायव्हरसमोरच्या पत्र्याला लागून काळा गोल डबा दिसतो. तो बूस्टर, पायाचा जोर वाढवणारा. आत रबरी डायफ्राम असतो. पाय पेडलवर नसताना त्याच्या दोन्ही बाजूंना व्हॅक्यूम, म्हणजे हवा ओढून घेतल्यानं झालेली पोकळी, असतो. पेडल दाबलं की पेडलच्या बाजूनं बाहेरची हवा आत येते, पुढच्या बाजूला व्हॅक्यूम तसाच राहतो, आणि डायफ्राम पुढं ढकलला जातो. हिशेब करून बघा. ९ इंची डायफ्रामचं क्षेत्रफळ साधारण ४०० चौरस सेंटिमीटर. दाबातला फरक चौरस सेंटिमीटरला ०.७ किलो धरला तरी २८० किलोंचा जोर झाला, आणि तो सगळा फुकटच्या हवेचा! म्हणूनच लडाखच्या उंच खिंडींत, जिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो, तिथं धडधाकट गाडीचं पेडलही जरा जड लागतं. तो बिघाड नव्हे.

आता तपासणी. हिला एकही हत्यार लागत नाही. गाडी सपाटीवर लावा, हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. आता पाय दाबूनच ठेवा आणि स्टार्टर मारा. इंजिन सुरू होताच पेडल पायाखाली किंचित खाली गेलं पाहिजे. गेलं, तर बूस्टर काम करतोय. नाही गेलं, तर पॅड, डिस्क विसरा आणि व्हॅक्यूमच्या मागे लागा. दुसरी खूण अशी, की चालू इंजिनवर पेडल दाबून धरा आणि इंजिन बंद करा. अर्धा मिनिट पेडल जागचं हललं नाही पाहिजे. पायाला वर ढकलू लागलं, तर व्हॅक्यूम कुठूनतरी सुटतोय.

कुठून सुटतोय, हे शोधताना स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करा. इंजिनापासून बूस्टरपर्यंत जाणारा जाड पाइप हातानं चाचपा. तडकलेला, क्लॅम्प ढिला झालेला, उंदरानं कुरतडलेला, हे वरून दिसतं. न दिसणारा प्रकार म्हणजे आतून फुगलेला किंवा ओढ बसली की चिपकणारा पाइप. इंजिन आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न देता चालू, असताना बूस्टरकडचं टोक काढून अंगठा लावा. अंगठा जोरात खेचला गेला पाहिजे. ओढ मंद असेल, तर दोष पाइपात किंवा त्याच्या अलीकडं, इंजिनाच्या बाजूला. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, त्याला वेगळा पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच जुन्या डिझेल गाड्यांत तो अल्टरनेटरच्या, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरच्या, पाठीला असतो आणि त्याला वंगण इंजिन ऑइलचं मिळतं. तो झिजला की अल्टरनेटर उत्तम चार्जिंग करत राहतो आणि ब्रेक मात्र जड होतात. मग कोणाचं तिकडं लक्षच जात नाही.

पाइप बूस्टरला जोडतो तिथं बहुधा छोटा प्लॅस्टिकचा चेक व्हॉल्व असतो. तो काढून फुंकून बघा. हवा बूस्टरकडून इंजिनकडं जायला हवी, उलटी अजिबात नाही. दोन्हीकडून गेली तर बदला. ओढ चांगली, व्हॉल्व चांगला, तरी पेडल कडक, आणि पाय दाबला की डॅशबोर्डखाली सूं आवाज येऊन आयडलिंग डगमगतं, म्हणजे डायफ्राम फाटला. मग मास्टर सिलेंडरचे नट सोडून मागं बघाच. तिथं ओल असेल तर मास्टर सिलेंडरच्या मागच्या सीलमधून ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये जात होतं. मग नुसता बूस्टर बदलू नका, नवाही तसाच जाईल. बूस्टर उघडून किट टाकून देणारे भेटतात. ब्रेकच्या बाबतीत मला ती काटकसर पटत नाही. नवा बसवताना मास्टर सिलेंडरला ढकलणाऱ्या पुढच्या रॉडचं माप जुळवून घ्या. रॉड लांब राहिला तर ब्रेक सुटत नाहीत, चाकं तापतात.

बूस्टर तपासणीत पास झाला, तरच चाकांकडं वळा. जाम झालेला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग), तो ज्यांवर सरकतो त्या सुकलेल्या गाइड पिना, चकाकी आलेले पॅड, आतून बंद झालेला रबरी होज. कोणी ब्रेक ऑइलच्या डब्यात स्टीअरिंगचं ऑइल ओतलं असेल, तर सगळे सील फुगतात आणि खर्च मोठा होतो.

एक सवय मात्र सोडा. पेट्रोल वाचवायला घाटात इंजिन बंद करून न्यूट्रलवर गाडी सोडायची. साठलेला व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो, पुढच्या वळणावर पेडल हलत नाही, आणि पॉवर स्टीअरिंगही गेलेलं असतं. उतारावर पेडल कडक झालंच तर पंप करू नका. ब्रेकचं ऑइल जागेवर आहे, ब्रेक लागतात, फक्त जोर तुमचा लागतो. दोन्ही पायांनी सलग दाबा, गिअर उतरवत या, किल्ली फिरवू नका.

मघाशी एकांनी विचारलं, इलेक्ट्रिक गाडीचं काय? काहींत विजेवरचा व्हॅक्यूम पंप असतो. त्याची घरघर ऐकू येते का बघा, पाइप आणि व्हॉल्व वरच्यासारखेच तपासा. ज्यांत मोटरच जोर देते, तिथं व्हॅक्यूमच नसतो. ती स्कॅनरवाल्याकडं न्या.