तुटीच्या वर्षात नाट्यगृहाचं काय?

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रहो, मागे उभ्या असलेल्या मंडळींनी पुढे यावं, इथे खुर्च्या रिकाम्या आहेत.

महापालिकेच्या तिजोरीत खडखडाट असताना सोलापूरकरांच्या करातून नाटक, गाणं, चित्र, शाहिरी यांवर पैसा खर्च व्हावा का, हा आजचा विषय. व्हावा, असं माझं उत्तर आहे. पण कशावर व्हावा आणि कशावर एक रुपयाही होऊ नये, याबद्दल मी जरा कडक आहे. माझ्या काही कलावंत मित्रांना ते आवडणार नाही.

आधी विरोधातला मुद्दा घेतो, कारण तो खरा आहे. ज्या घरात नळाला तीन-चार दिवसांआड पाणी येतं, तिथली बाई रात्री-अपरात्री उठून घागरी आणि बॅरल भरते, दिवसभर विड्या वळते. तिच्या दारात जाऊन ‘नाट्यगृहासाठी कर भरा’ असं सांगायला धाडस लागतं. उजनी धरण आपल्यापासून शंभराहून जास्त किलोमीटरवर. तिथून पाणी उपसायचं, शहरापर्यंत ढकलायचं, शुद्ध करायचं, आणि त्याचं वीजबिल महिन्याच्या महिन्याला भरायचं. दुसरीकडे उत्पन्नाचे हक्काचे मार्ग आटले. जकात गेली. तिच्या जागी एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला. जुलै २०१७ पासून जीएसटी आहे आणि त्यापोटी राज्याकडून येणाऱ्या अनुदानाकडे डोळे लावून बसायचं. हातात उरली ती मुख्यतः घरपट्टी, पाणीपट्टी आणि बांधकाम परवान्याचं शुल्क. पगार आणि पेन्शन भागवतानाच दमछाक होते. हे सगळं मान्य करूनच मी पुढचं बोलतोय.

महापालिका ज्या कायद्याने चालते तो १९४९ चा. त्यात कामांचे दोन भाग आहेत. कलम ६३ मध्ये बंधनकारक कामं: पाणी, गटारं, दिवाबत्ती, प्राथमिक शिक्षण वगैरे. कलम ६६ मध्ये ऐच्छिक कामं. वाचनालयं, संग्रहालयं, नाट्यगृहं, इतकंच काय, लोकांसाठी संगीताची सोय करणंसुद्धा या दुसऱ्या यादीत आहे. १९४९ मध्ये धान्य रेशनवर मिळत होतं, तरीही कायदा करणाऱ्यांनी ही कामं त्यात लिहून ठेवली. पण ऐच्छिक म्हटलं की कात्री पहिली तिथेच लागते. आणि ती लागली हे लवकर कळतही नाही. पाणी एक दिवस उशिरा आलं तर झोन कार्यालयावर मोर्चा जातो. रंगमंचाची फळी कुजली तर कोण मोर्चा काढणार?

घरी गेल्यावर घरपट्टीचं बिल जरा निरखून बघा. सामान्य कर, जललाभ कर, मलनिस्सारण, अग्निशमन, शिक्षण उपकर, रोजगार हमी, आणि त्यातच कुठेतरी एक छोटी रक्कम: वृक्षकर. शहरातली झाडं राखण्यासाठी १९७५ मध्ये राज्याने कायदा केला, त्यातून तो आला. झाडं तरी कुठे मोर्चा काढतात? म्हणूनच त्यांचा रकाना वेगळा ठेवावा लागला. महिला व बालकल्याणासाठी अंदाजपत्रकात पाच टक्के राखून ठेवायचे असतात, तेही याच अनुभवातून. ज्यांचा आवाज दरवर्षीच्या ओढाताणीत दबून जातो, त्यांचा हिस्सा आधीच बाजूला काढायचा. कलेसाठी मी पाच टक्के मागत नाही. अर्धा टक्का म्हणा, पण ठरलेला. तुटीच्या वर्षी रक्कम आपोआप कमी होईल, ते चालेल. शून्य होता कामा नये.

आता कडक भाग. महोत्सवांवर करातला पैसा अजिबात नको. मांडव, लेसर, मुंबईहून आलेला तारा, चौकाचौकात फ्लेक्स. तीन दिवसांत सगळं उठतं आणि गावाकडे काही राहत नाही. पैसा जावा तो रंगमंचावर, तालमीच्या जागेवर आणि भाड्याच्या सवलतीवर.

राज्य नाट्य स्पर्धेच्या आधी एखाद्या हौशी संस्थेची तालीम बघायला जा. कुणी बँकेत आहे, कुणी झेडपीच्या शाळेत शिकवतो, कुणी दिवसपाळी संपवून थेट यंत्रमागावरून आलाय, शर्टाला अजून सुताची पिंज चिकटलेली. शाळेचा एखादा वर्ग मागून घेतलेला असतो. बाकं भिंतीला सरकवायची, खडूने जमिनीवर दार आणि खिडकी आखायची. साडेनऊला शिपाई किल्ल्या वाजवत दारात उभा राहतो आणि दुसरा अंक तिथेच थांबतो. मुख्य रंगमंच मिळतो तो थेट प्रयोगाच्या दिवशी. प्रकाशयोजना करणारा पोरगा त्या दिवशी पहिल्यांदा डिमरला हात लावतो. एवढ्यावर ही मंडळी नाटक उभं करतात. त्यांना संध्याकाळचे तीन तास एक मोकळा हॉल मिळाला तर काय होईल, याचा विचार करा. महापालिकेच्या शाळांचे हॉल संध्याकाळी रिकामे असतात. तिथे खर्च आहे तो दिव्याचा आणि एका रखवालदाराचा.

तिकीटविक्रीवर चालणाऱ्या व्यावसायिक नाटकाने पूर्ण भाडं द्यावं, सवलत मागू नये. सवलत त्यांना, ज्यांना तिकिटाचा बाजार कधीच सांभाळणार नाही. आपलं गाव मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांत बोलतं. पद्मशाली समाजातल्या पोरांनी तेलुगूत एकांकिका बसवली किंवा उर्दू शाळेने मुशायरा ठेवला, तर कुठला निर्माता पैसे लावणार आहे? बाजार ज्याच्याकडे पाठ फिरवतो आणि जे गावाचं मात्र आहे, तिथेच कर लागतो.

कला आणि पोट वेगळी आहेत असं सोलापुरात तरी कुणी म्हणू नये. आपल्या चादरीवरचं फूल बघा. जुन्या पद्धतीत डिझाइनर ते आधी आलेखाच्या कागदावर चौकोन चौकोन भरून काढायचा. एक उभा धागा, एक आडवा धागा, त्यांच्या भेटीचा एक चौकोन. मग आडव्या धाग्याच्या एकेका फेरीसाठी एक पंचकार्ड. भोकं पाडलेली ही कार्डं ओवून त्यांची माळ जॅकार्डवर, म्हणजे मागावरच्या नक्षीच्या यंत्रावर चढायची. भोक जिथे असेल तिथला धागा उचलला जाणार, नसेल तिथला खाली राहणार. पाकळीची रेषा दोन चौकोनांनी चुकली तर फूल बेढब, आणि तसल्याच चादरी गठ्ठ्यांनी निघणार. आज हे काम कॉम्प्युटरवर होतं, पण रेषा कळणारा डोळा लागतोच. तो डोळा चित्रं बघून तयार होतो. गावातल्या पोराला चांगलं चित्र फुकट बघायला मिळणं हा आपल्या धंद्याचाही प्रश्न आहे.

देखभालीबद्दल एकच उदाहरण देतो. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांच्या काळात उभं राहिलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत गेलं. दुसऱ्या दिवशी गायक-नट केशवरावांची जयंती होती. शतकभराची वास्तू काही तासांत गेली. ती पुन्हा उभी करायचा खर्च आणि वायरिंग, अग्निशमन यंत्रणा वर्षानुवर्षं नीट ठेवायचा खर्च, यांची बरोबरी होऊ शकते का? तुटीच्या वर्षी पुढे ढकललेली दुरुस्ती ही बचत नसते, ते व्याजाने काढलेलं कर्ज असतं.

आपल्या नाट्यगृहाचं नाव हुतात्मा स्मृती मंदिर आहे. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं गेलं. या चौघांची आठवण म्हणून सोलापूरने नुसता पुतळा करून थांबायचं नाही, तर जिथे लोक जमतील, बोलतील, गातील अशी जागा बांधायची ठरवलं. मला या निर्णयाचा फार अभिमान वाटतो. ती वास्तू महापालिकेची, म्हणजे तुमच्या-माझ्या करातली आहे.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेतल्या निवडून आलेल्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढे बराच काळ अंदाजपत्रक प्रशासकांनीच मंजूर केलं. खर्चाच्या कुठल्या शीर्षावर किती कापलं, याची चर्चा नगरसेवकांच्या तोंडून ऐकायची आपली सवयच मोडली. ती परत लावून घेऊ या. अंदाजपत्रक १ एप्रिलच्या आधी मंजूर व्हावं लागतं, म्हणून जानेवारीतच लेखी सूचना द्यायच्या. मी तीन मागण्या लिहून आणल्यात. नाट्यगृहाचं उत्पन्न आणि खर्च स्वतंत्र शीर्षाखाली दाखवा. त्याचं भाडं त्याच्याच दुरुस्तीला वापरा. शाळांचे हॉल संध्याकाळी तालमींना नाममात्र दरात द्या. कागद दाराजवळच्या टेबलावर आहे. ज्यांना पटलं त्यांनी सही करावी, आणि ज्यांना पटलं नाही त्यांनी आता प्रश्न विचारावेत, मी थांबलोय.