पोस्टानं आलेलं पोस्ट

[पडद्यावर : जुनं रंगीत पिक्चर पोस्टकार्ड. दगडी इमारत, कमानी, समोर घोडागाड्या. खाली छापील ओळ – जनरल पोस्ट ऑफिस, बॉम्बे.]

मुंबईच्या जीपीओचं हे कार्ड. खाली तसं छापलेलंच आहे. तरी मुंबईकराच्या हातात ते दिलं, की तो आधी कार्डाकडे बघतो, मग आपल्याकडे. घुमट कुठाय?

घुमट नाही, कारण ही इमारत आज जीपीओ नाही. हुतात्मा चौकातलं तारघर तुम्ही पाहिलंय. फ्लोरा फाउंटनजवळची ही दगडी इमारत १८६९ ते १८७२ या काळात बांधली गेली ती मुंबईचं मुख्य पोस्ट म्हणून. पुढे बोरीबंदर स्टेशनाच्या शेजारी नवं जीपीओ उभं राहिलं आणि जुन्या इमारतीत तारखातं आलं. नव्या इमारतीचं काम १९०४ साली सुरू झालं, १९१३ साली संपलं. वास्तुकार जॉन बेग. त्यानं नजर ठेवली होती विजापूरच्या गोलघुमटावर. मुंबईत आदिलशाही थाटाचं पोस्ट उभं राहिलं ते असं.

म्हणजे एकाच नावाच्या दोन इमारती, आणि दोन्हींची कार्डं बाजारात. जुन्या बाजारात, लिलावात, कुणाच्या तरी आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत असं कार्ड सापडलं, की संग्राहक पहिल्यांदा घुमट शोधतो. घुमट नसेल तर छायाचित्र १९१३ च्या आधीचं. एवढ्यावर खूश होणारे नवखे असतात. मुरलेला संग्राहक कार्ड उलटं करतो.

[पडद्यावर : कार्डाची पाठ. शाई फिकी पडलेली, गोल ठसा अर्धवट उमटलेला.]

तारखेचा ठसा १९१६ चा असू शकतो. दुकानदारानं जुना साठा विकला, कुणीतरी त्यातलं कार्ड घेऊन पोस्टात टाकलं. इमारतीतलं पोस्ट केव्हाच हललं, कार्डावर मात्र ते अजून जुन्याच जागी. पुढची बाजू सांगते, फोटो कधीच्या काळातला. मागची सांगते, कार्ड वापरलं कधी. या दोन तारखांच्या मधल्या फटीत संग्राहकाचा अर्धा आनंद असतो.

पिक्चर पोस्टकार्डं जमवणारे लाखो आहेत. किल्ले, देवळं, नट्या, आगगाड्या, जे म्हणाल ते. हा लघुपट त्यातल्या एका चिमुकल्या जमातीबद्दल आहे. हे लोक फक्त पोस्टाची कार्डं जमवतात. म्हणजे ज्यांच्यावर पोस्ट ऑफिसचं, टपालपेटीचं किंवा तिकिटाचं चित्र आहे अशी. वेड जरा गोल गोल फिरणारं वाटतं, कबूल. पण विचार करा. ताजमहालाचं कार्ड ताजमहालातून जात नाही. पोस्ट ऑफिसचं कार्ड मात्र चित्रातल्या त्याच खिडकीतून, त्याच पेटीतून, त्याच ठशाखालून जाऊ शकतं. गेलं असेल, तर त्याचा पुरावा पाठीवर असतो. गेलं नसेल, तर ते नुसतं छापील चित्र. या जमातीतले कडवे लोक कोऱ्या कार्डाला हातही लावत नाहीत. मला त्यांचं म्हणणं पटतं.

[पडद्यावर : पाव आण्याचं जुनं कार्ड.]

थोडं मागे जाऊ. जगातलं पहिलं सरकारी पोस्टकार्ड १ ऑक्टोबर १८६९ रोजी ऑस्ट्रिया-हंगेरीत निघालं. भारतात ते १८७९ च्या जुलैत आलं, पाव आण्याला. या कार्डांवर चित्र नव्हतं. चित्राची कार्डं लोकप्रिय झाली ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, आणि सुरुवातीला त्यांची पाठ फक्त पत्त्यासाठी होती. मजकूर चित्राच्या कडेनं, आभाळात, इमारतीच्या छपरावर, मिळेल तिथे कोंबायचा. ब्रिटननं १९०२ साली पाठीवर मधोमध रेघ मारू दिली. डावीकडे मजकूर, उजवीकडे पत्ता. बाकीचे देश एकेक करून मागे आले, अमेरिका १९०७ साली. पाठीवर रेघ आहे का, हा म्हणून वय ओळखण्याचा दुसरा प्रश्न.

मुंबईत क्लिफ्टन आणि फोटोटाइप या दोन कंपन्या अशी कार्डं काढत. मुंबईची दृश्यं म्हटली की पोस्ट आलंच. कलकत्त्याचं जीपीओ तर प्रकाशकांचं लाडकं. वॉल्टर ग्रॅनव्हिलनं आखलेली, १८६८ साली पुरी झालेली ती पांढरी, खांबांची, घुमटाची इमारत जुन्या फोर्ट विल्यमच्या जागेवर उभी आहे.

रंगांवर मात्र विश्वास ठेवू नका. त्या काळची पुष्कळ कार्डं जर्मनीत छापून यायची. फोटो काळा-पांढरा, रंग छापखान्यात चढवलेले. ज्यानं मुंबईचं ऊन कधी पाहिलं नाही, अशा कारागिरानं मलबार हिलचं आभाळ रंगवलंय. कार्डातली टपालपेटी लाल दिसली म्हणून ती लालच होती, असं समजू नये.

[पडद्यावर : सहा कोनांची ओतीव लोखंडी पेटी.]

पेटीवरून आठवलं. ब्रिटनमधल्या रस्त्यावरच्या पेट्यांचं श्रेय एका पोस्टखात्यातल्या नोकरदाराला जातं. अँथनी ट्रोलप. आपण त्याला कादंबरीकार म्हणून ओळखतो, पण पगार त्याला पोस्ट देत होतं. इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या चॅनेल बेटांवर टपालबोटींच्या वेळा भरती-ओहोटीवर आणि वाऱ्यावर अवलंबून. पत्र टाकायला लोक किती वेळा पोस्टात खेपा घालणार? ट्रोलपनं सुचवलं, रस्त्यावर खांबासारख्या पेट्या उभ्या करा. १८५२ च्या नोव्हेंबरात जर्सी बेटावर त्या बसल्या, पुढच्या वर्षी ग्वेर्नसीवर. पुढे १८६६ मध्ये जॉन पेनफोल्ड यांच्या आराखड्याची सहा कोनांची पेटी आली. तशा काही पेट्या बोटीनं भारतातही आल्या, कलकत्त्याला त्या पाहायला मिळतात. त्या काळात पेट्यांचा रंग हिरवा होता. हिरव्यात हिरवी पेटी लोकांना दिसेना, म्हणून १८७४ पासून त्या लाल होऊ लागल्या.

पेट्यांच्या कार्डांत सगळ्यात हौशी मामला ब्रिटिशांचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे एक खेळकर कार्ड निघालं. चित्रात पोस्टमन, खांद्याला पिशवी. पिशवीची झडप उचलायची, की आतून घड्याघड्यांची कागदी पट्टी बाहेर पडते, तिच्यावर त्या गावाची बारीक बारीक दृश्यं. पोरांनी पट्टी ओढून ओढून फाडलेली असते. धड पट्टीचं कार्ड मिळालं तर समजावं, त्या घरात पोरं नव्हती.

जपानी लोक याच्या पुढे गेलेत. जपान पोस्ट २००९ पासून प्रत्येक प्रांताची खास कापीव आकाराची कार्डं विकतं, आणि ती त्याच प्रांतातल्या पोस्टात मिळतात. पेटीच्याच आकाराची कार्डंसुद्धा आहेत. ओकिनावाचं कार्ड हवं, तर ओकिनावाला जा किंवा तिथे ओळख काढा. वाकायामा प्रांतातल्या सुसामी गावानं पेटी थेट समुद्रात बसवली, दहा मीटर खोल. पाणबुड्यानं खाली जायचं, पाण्यात न विरघळणाऱ्या शाईनं लिहिलेलं कार्ड टाकायचं.

[पडद्यावर : तिकिटांची उठावदार छपाईची कार्डं, मग कलत्या तिकिटांचं कार्ड.]

आता तिकिटांची कार्डं. म्युनिकच्या ओटमार त्सिहर या प्रकाशकानं देशोदेशीची तिकिटं कार्डावर छापली, रंगीत आणि कागदाबाहेर उठून आलेली. बोट फिरवलं तर तिकिटाचा कंगोरा लागतो. संग्राहक ती देशवार लावतात आणि रिकाम्या जागांकडे बघून उसासे टाकतात.

मला मात्र त्यांच्यापेक्षा तिकिटांच्या भाषेची कार्डं जास्त आवडतात. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपात ही टूम निघाली. पोस्टकार्ड उघडं. घरातलं कुणीही वाचतं, पोस्टमन तर वाचतोच. मग प्रेमाचं कसं लिहायचं? तिकीट तिरकं लावायचं. डावीकडे कललं तर एक अर्थ, उजवीकडे दुसरा, उलटं तिसरा, आडवं चौथा. ही सांकेतिक यादी छापलेली कार्डं विकली जात. ओळीनं सात-आठ तिकिटं, प्रत्येक वेगळ्या कोनात, खाली अर्थ. गंमत अशी, की प्रत्येक प्रकाशकाची यादी निराळी. दोघांनी दोन दुकानांतून कार्डं घेतली असतील, तर होकाराचा नकार व्हायला वेळ नको. आणि ज्याला तिकीट सरळ लावायची अक्कलच नाही, त्याच्या पत्रांनी किती घोळ घातले असतील, देव जाणे.

[पडद्यावर : जगभरातल्या छोट्या पोस्ट ऑफिसांची कार्डं, एकामागून एक.]

इमारतींकडे परत. भव्य जीपीओंपेक्षा या लोकांचा जीव छोट्या पोस्टांत जास्त अडकतो. फ्लोरिडातलं ओचोपी. आधीचं पोस्ट १९५३ साली आगीत गेलं, तेव्हा शेतीच्या पाण्याचे पाइप ठेवायची एक छपरी पोस्ट म्हणून वापरली, आणि तीच कायम झाली. एक माणूस आत गेला की पोस्ट भरलं. पर्यटक तिचं कार्ड घेतात आणि तिथूनच टाकतात. गॅलापागोसमधल्या फ्लोरिआना बेटावर तर इमारतही नाही, नुसतं पिंप. देवमाशांची शिकार करणारे खलाशी अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यात पत्रं ठेवत. त्या बाजूला निघालेलं जहाज ती घेऊन जाई. आजही लोक बिनतिकिटाचं कार्ड त्यात ठेवतात आणि आपल्या गावाकडचा पत्ता दिसला तर ते कार्ड उचलून हातानं पोचवतात. पिंपाचं कार्ड पिंपातून आलेलं हवं, हा तिथला नियम. ठसा नसल्यामुळे खरंखोटं करणं अवघड, आणि वादही बरेच.

श्रीनगरला दल सरोवरात तरंगतं पोस्ट आहे, हाउसबोटीत. तिथल्या ठशात शिकारा वल्हवणारा नावाडी असतो. आणि स्पितीतलं हिक्किम. साधारण ४,४०० मीटर उंचीवर, १९८३ सालापासून चालू. वर्षानुवर्षं तिथल्या कार्डांवर मातीच्या घराची भिंत आणि बाहेर टांगलेली लाल पेटी दिसायची. अलीकडे तिथे टपालपेटीच्याच आकाराचं पोस्ट बांधलंय. म्हणजे मुंबईच्या घुमटासारखी खूण आता हिक्किमलाही मिळाली : मातीची भिंत असेल तर जुनं कार्ड, मोठी लाल पेटी असेल तर नवं.

[पडद्यावर : कार्डाच्या चित्राच्या बाजूला तिकीट, त्यावर ठसा.]

या छंदाचं टोक म्हणजे मॅक्सिमम कार्ड. इथे तिकीट पाठीवर लावत नाहीत, चित्राच्या बाजूलाच लावतात. तीन गोष्टी जुळाव्या लागतात : चित्राचा विषय, तिकिटाचा विषय आणि ठसा. नागपूरचं उदाहरण घेऊ. भारतीय टपाल खात्यानं २०१० साली वारसा पोस्ट इमारतींची तिकिटं काढली, त्यात नागपूरचं जीपीओ आहे. आता नागपूर जीपीओचं कार्ड हवं, त्यावर ते तिकीट, आणि ठसा नागपूरचाच. प्रदर्शनांतले परीक्षक आणखी एक अट घालतात. कार्ड शक्यतो तिकिटाच्या आधीपासून विक्रीला असलेलं हवं, तिकिटाचंच चित्र मोठं करून छापलेलं चालत नाही. इथे पुष्कळांची गाडी अडते. तिकीट खिडकीवर मिळतं, ठसा मिनिटात उमटतो, पण नागपूर जीपीओचं जुनं कार्ड शोधण्यात चपला झिजतात.

ठसा घ्यायचीही रीत आहे. फिलाटेली ब्युरोत, म्हणजे पोस्टातल्या तिकीट-संग्राहकांसाठीच्या विभागात जावं, गर्दी नसताना. ‘हलका मारा’ असं अदबीनं सांगावं. शाईच्या पॅडवर टेकवून ठसा आधी रद्दी कागदावर मारून घेतला, तर कार्डावर स्वच्छ उठतो. घरी आल्यावर कार्ड लगेच प्लॅस्टिकमध्ये कोंबू नका, शाई सुकू द्या. आणि कोकणपट्टीत राहत असाल तर जून ते सप्टेंबर अल्बम भिंतीच्या कपाटात ठेवायचा नाही. बुरशी कार्डाचं वय बघत नाही.

[पडद्यावर : डेन्मार्कमधली लाल पेटी.]

सध्या संग्राहक ज्या कार्डांमागे लागलेत ती डेन्मार्कची. तिथल्या पोस्टनॉर्ड या टपाल कंपनीनं २०२५ च्या अखेरीस पत्रवाटप बंद केलं. या टपालसेवेची सुरुवात १६२४ सालची. रस्त्यांवरच्या सुमारे दीड हजार लाल पेट्या काढायला त्याच वर्षी सुरुवात झाली. पेटीचं चित्र, पाठीवर २०२५ ची तारीख, आणि कार्ड त्या पेटीतूनच गेलेलं, असं काही हाती लागलं तर लोक ते बदल्यात द्यायला तयार होत नाहीत.

जवळचं काही हवं असेल तर गोव्याकडे बघा. अंटार्क्टिकावरचं भारताचं पहिलं पोस्ट १९८४ साली दक्षिण गंगोत्री तळावर सुरू झालं आणि पुढे ते गोवा टपाल विभागाखाली आलं. तो तळ बर्फाखाली गेल्यावर पोस्ट मैत्री तळावर हललं, आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये भारती तळावरही एक सुरू झालं. संग्राहकांची कार्डं वास्कोच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून मोहिमेबरोबर जातात, तिथला ठसा घेऊन परत येतात. याला वर्ष लागू शकतं, त्यामुळे पाठवून विसरून गेलेलं बरं. भारती तळाच्या पोस्टाचा पिन आहे एमएच-१७१८. तो लिहून कार्ड तुमच्या गावच्या खिडकीवर दिलंत, तर समोरचा माणूस सहा आकडे मागणार, हे धरूनच चाला.