रोही, हरभरा आणि बंदूक

(दृश्य: तापीकाठचं वावर, सकाळ)

काल रात्री या हरभऱ्यात रोही, म्हणजे नीलगायी, उतरले. शेंडे खुडलेत, घाटे गेलेत, आणि खाल्लं त्याहून तुडवलंय जास्त. बांधालगत लेंड्यांचा हा ढीग बघा. रोही फिरून फिरून त्याच जागी लेंड्या टाकतो, त्यामुळे राखणदाराला कळतं, जनावर नेमाने येतंय. भोवती जुन्या साड्या बांधल्यात. चार-आठ दिवस त्यांना बुजतं, मग त्यांच्याच खालून आत शिरतं.

चोपडा असो की शिरपूर, रब्बीत शेतकऱ्याची झोप जाते. त्याचा संताप खरा आहे. हौशी शिकाऱ्यांना परवाने द्या, अशी मागणी त्यातूनच येते, आणि सोबत अमेरिकेचा दाखला: तिथे म्हणे हौशी शिकारीनेच हरणं आटोक्यात राहतात, वर वन्यजीवांसाठी पैसाही उभा राहतो.

तो दाखला पुरता पाहू. 1900च्या सुमाराला तिथे बेसुमार शिकारीनेच पांढऱ्या शेपटीचं हरीण संपत आलं होतं. आज ते कोट्यवधी आहेत. 1937च्या कायद्यापासून बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो. पण कळप आटोक्यात ठेवायचा तर तिथेही माद्यांचे वेगळे परवाने काढावे लागतात, कारण हौशी शिकाऱ्याचा डोळा शिंगांवर. नर मारून कळप घटत नाही. एक नर कितीतरी माद्यांना पुरतो, आणि रोहीची मादी तर बऱ्याचदा जुळी पिल्लं देते.

(दृश्य: माळरान, दुपार)

कळप आटोक्यात ठेवायचं काम इथे लांडगा करायचा. पिल्लू, म्हातारं, आजारी, जे सापडेल ते उचलायचा. त्याचे माळ आपणच नांगरून टाकले.

आपल्याकडे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात परवान्यावर शिकारीची सोय होती, 1991च्या दुरुस्तीने ती बंद झाली. पीक नासवणाऱ्या रोही-रानडुकरांना मारायला कलम 11 खाली लेखी परवानगी मिळते, काळवीट-चिंकाऱ्याला नाही. बिहारने 2016मध्ये मोकाम्याला बाहेरचे नेमबाज आणून दोनशेहून जास्त रोही मारले. पुढेही बिहारमध्ये अशा मोहिमा काढाव्याच लागल्या.

म्हणून आमचं मागणं कुंपणाचं आहे. राज्याच्या जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला अनुदान आहे, पण ते जंगलालगतच्या गावांपुरतं. रोही तापीकाठच्या काळ्या रानातही चरतो. अनुदान तिथवर न्या, आणि पंचनामा पीक उभं असतानाच करा.