ऐकण्याचा पगार

(दृश्य: उत्तर गोव्यातलं एक प्राथमिक आरोग्य केंद्र. सकाळची ओपीडी.)

कदंबची बस फाट्यावर थांबते आणि केस पेपरच्या खिडकीपुढची रांग एकदम वाढते. कुणाचा रक्तदाब, कुणाच्या पायाची जखम, कडेवरच्या पोराचा खोकला. याच रांगेत काही बायका अशा असतात, की दुखणं नेमकं कुठे आहे ते त्यांना बोट ठेवून दाखवता येत नाही. आंग दुखतां, न्हीद येना. जेवणावर वासना नाही. छातीत धडधडतं. अंगावरून पांढरं जातं. डॉक्टरांच्या दाराबाहेर अजून बरीच माणसं ताटकळत असतात. ते कॅल्शियमच्या, जीवनसत्त्वाच्या गोळ्या लिहून देतात. काही दिवसांनी पुन्हा तीच बाई, तीच रांग.

बार्देश तालुक्यातल्या हळदोणे आरोग्य केंद्राच्या हद्दीत या शतकाच्या सुरुवातीला सुमारे अडीच हजार स्त्रियांचा अभ्यास झाला. पांढरं जाण्याची तक्रार करणाऱ्या बायकांना जंतुसंसर्ग असणार, असंच तोवर धरलं जाई. अभ्यासात दिसलं ते वेगळं. या तक्रारीचा धागा संसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी, घरातल्या ओढाताणीशी जास्त घट्ट जुळलेला होता. बाई अंगाचं सांगत होती, कारण मनाचं सांगायला त्या खिडकीवर जागाच नव्हती.

(दृश्य: पर्वरीचा रस्ता, मांडवीवरचा पूल.)

१९९६ साली गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू झाली. संस्थापकांमध्ये होते मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल. मूळचे मुंबईचे, त्याआधी झिम्बाब्वेमध्ये काम करून आलेले. तिथं त्यांनी पाहिलं होतं, की नैराश्य आलेला माणूस दवाखान्यात येऊन ‘मला नैराश्य आलंय’ असं म्हणत नाही. गोव्यातही तेच होतं. मग प्रश्न उरला, ऐकणार कोण? मानसोपचारतज्ज्ञ मोजके, तेही बांबोळीच्या मोठ्या सरकारी इस्पितळात नाहीतर शहरात. पार टोकाच्या पेडण्याच्या किंवा सांगेच्या माणसानं तिथवर जायचं, तेही गाव काय म्हणेल हे मनात धरून.

उत्तर साधं वाटतं, पण ते सिद्ध करायला कित्येक वर्षं लागली. गावातल्याच, शाळा शिकलेल्या माणसांना हे ऐकणं शिकवायचं, आणि समुपदेशक म्हणून दवाखान्यात बसवायचं.

त्यासाठी पैसा आला लंडनच्या वेलकम ट्रस्टकडून. हेन्री वेलकम हे औषध कारखानदार. १९३६ साली ते वारले, आणि कंपनीची मालकी त्यांच्या मृत्युपत्रानुसार एका न्यासाकडे गेली. मिळकत आरोग्याच्या संशोधनावर खर्चायची, अशी त्यांची इच्छा होती. त्या पैशातून गोव्यातली २४ केंद्रं निवडली गेली: १२ सरकारी, १२ खाजगी दवाखाने. या अभ्यासाचं नाव ‘मानस’. निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. सरकारी केंद्रांत जिथं समुपदेशक बसले होते, तिथं सहा महिन्यांनी सुमारे ६६ टक्के रुग्ण बरे झालेले दिसले. जिथं नेहमीचेच उपचार चालू होते, तिथं सुमारे ४३ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र फरक दिसला नाही. मला वाटतं, आपल्याकडचा जुना फॅमिली डॉक्टर घरातली सासू, सून, दारू, कर्ज सगळं जाणून असतो, आणि तो थोडं का होईना ऐकतोच. सरकारी ओपीडीतल्या डॉक्टरला तेवढा वेळ कोण देणार?

(दृश्य: केंद्रातली एक छोटी खोली. दोन खुर्च्या. दार लोटलेलं.)

पुढच्या टप्प्यावर, २०१० नंतरच्या वर्षांत, याच ट्रस्टच्या अनुदानावर दोन उपचार घडवले गेले. एक तीव्र नैराश्यासाठी, एक दारूसाठी. घडवले असंच म्हणायला हवं. आधी लोकांशी बोलून, मग थोड्या रुग्णांबरोबर वापरून, चुकतंय तिथं बदलून, आणि शेवटी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत चाचणी. ही आधीची सगळी वर्षं अहवालात दोन ओळींत मावतात. पैसा मात्र त्यांनाही लागतो, आणि तो द्यायला धीर धरणारा दाता लागतो.

नैराश्याच्या उपचारात सहा ते आठ भेटी. प्रत्येक भेट अर्धा-पाऊण तासाची, केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. सुरुवात अशी होते: ‘काकी, आज उठल्यापासून काय काय केलंत, सांगा बघू.’ काकी सांगतात, काहीच नाही. पडून होते. आधी परसातली अबोली काढून वळेसर, म्हणजे गजरे, करायची, ते सुटलं. गुरुवारच्या भजनाला जाणं सुटलं. शेजारच्या वयनीकडे जाणं सुटलं. मन खचलं म्हणून माणूस कामं सोडतो, आणि कामं सुटली म्हणून मन आणखी खचतं. समुपदेशक ही गाठ काकींच्याच बोलण्यातून त्यांना दाखवते. मग दोघी मिळून ठरवतात. एवढ्यात भजन नको, गर्दी होते. फुलं तेवढी काढायची, तीही दोनच दिवस. पुढच्या भेटीत विचारलं जातं, काढलीत का? नसतील, तर काय आड आलं? त्या अडचणीवर मग वाट शोधायची.

ऐकताना हे फार किरकोळ वाटतं. पण चाचणीत ४९५ रुग्ण होते, आणि तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के सावरले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्या दुसऱ्या गटात ३९ टक्के. वर्षभरानंतर पाहिलं, तेव्हाही फरक टिकून होता.

(दृश्य: संध्याकाळ. गावातला बार. काजूचा हंगाम.)

दारूचं काम अधिक नाजूक. मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी हुर्राक, म्हणजे काजूची ताजी दारू, येते, पाहुण्याला ती देणं हा मान असतो. खाणी बंद पडल्यावर डिचोली-सत्तरीत किती पुरुषांच्या हातचं काम गेलं, हे आपण सगळे जाणतो. चाचणीत ३७७ पुरुष होते. पूर्ण आहारी गेलेल्यांना डॉक्टरांची गरज लागते, त्यांना तसं पाठवलं जाई. हे होते मधले. रोज कामावर जाणारे, पण घरच्यांना ज्यांची संध्याकाळ नकोशी वाटते असे. जास्तीत जास्त चार भेटी. त्यात उपदेश नाही, शपथ नाही. ‘दादा, पगाराच्या दिवशी कुणाबरोबर बसता? तो आग्रह करतो तेव्हा काय म्हणता? नको म्हणायचं असलं तर कसं म्हणाल, आत्ता म्हणून दाखवा.’ डॉ. अभिजित नाडकर्णी यांनी हे काम पुढे नेलं. तीन महिन्यांनी विचारलं, तेव्हा समुपदेशन घेतलेल्या पुरुषांत मागचे चौदा दिवस दारूपासून पूर्ण दूर राहिलेले ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के.

आणि एक गोष्ट, जी मला या सगळ्या कामाचा कणा वाटते. रुग्णाची संमती घेऊन भेटीचं ध्वनिमुद्रण होतं. समुपदेशक एकत्र बसून एकमेकांची मुद्रणं ऐकतात, गुण देतात, बोलतात. इथं तू घाई केलीस. इथं त्या रडल्या आणि तू विषय बदललास. वरून कुणी साहेब येऊन तपासणी करत नाही, सोबतचीच माणसं तपासतात. त्यामुळे शिकणं थांबत नाही. पण या बैठकांचे तास, बसभाडं, घरभेटीसाठीचं पेट्रोल, हे सगळं कुणाच्या तरी अंदाजपत्रकात असावं लागतं.

(दृश्य: केंद्राच्या आवारात उभी रुग्णवाहिका. दात्याच्या नावाचा फलक.)

आपल्याकडे दान करणारे हात कमी नाहीत. रुग्णवाहिका मिळते, खुर्च्या मिळतात, वॉर्डाला नवी फरशी मिळते. त्यांची गरज आहेच. त्यांच्यावर दात्याचं नाव रंगवता येतं. अर्धा तास कुणाचं ऐकून घेतलं, त्यावर नाव कुठे रंगवणार? म्हणून पगारासाठी पैसे मागायला गेलं, की दाते मागे सरतात.

२०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चायला लावले. तो पैसाही बहुधा वर्षाच्या हिशेबात बसणाऱ्या कामांकडे वळतो. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० साली बदलला. आता परदेशातून आलेलं अनुदान एक संस्था दुसरीला पुढे देऊच शकत नाही. मोठ्या संस्थेनं पैसा आणायचा आणि गावातल्या महिला मंडळाला किंवा छोट्या ट्रस्टला त्यातून बळ द्यायचं, ही वाट बंद झाली. हिशेब काटेकोर असावेत यात वाद नाही. पण घराघरांपर्यंत पोहोचणारी ती छोटी संस्थाच होती. तिचं नुकसान कुणी मोजलं नाही.

परदेशी अनुदानानं आपलं काम चोख केलं: काय केलं तर माणूस सावरतो, ते दाखवून दिलं. इथं, आपल्याच तालुक्यांत. नैराश्याचा हाच उपचार पुढे मध्य प्रदेशात सीहोरकडेही नेला गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तर सरकारी खर्चातून चालणाऱ्या सेवेत मानसिक उपचार मिळणं हा हक्कच ठरवला आहे. मग प्रत्येक आरोग्य केंद्रात त्या दोन खुर्च्यांसाठी कायमची जागा आणि कायमचा पगार सरकारी तिजोरीतून निघायला हवा. प्रशिक्षण आणि त्या ध्वनिमुद्रण ऐकण्याच्या बैठका इथल्या उद्योगांनी, इथल्या न्यासांनी उचलाव्यात, आणि एका वर्षासाठी नव्हे.

तोवर, हे पाहणाऱ्या प्रत्येकाला एक सांगणं. आरोग्य केंद्रात गेलात तर पाय दुखतात एवढंच सांगून परतू नका. झोप येत नाही, कशात मन लागत नाही, घरात दारूवरून भांडणं होतात, हेही सांगा. आणि घरबसल्या बोलायचं असेल, तर सरकारची टेलिमानस सेवा मोफत आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. क्रमांक १४४१६.